शेवंतामायचं आवतन

तिरोड्यात खोली घेतली त्याच दिवशी शेवंतामाय दारात येऊन उभी राहिली आणि नाव-गाव न विचारता म्हणाली, "सिलिंडर एक का दोन?"

मी म्हटलं, "एक." आत प्रशांत भांडी लावत होता. तिनं मान हलवली आणि चालती झाली. मला वाटलं, गॅस एजन्सीतली असावी.

गल्लीत लग्नाचं आवतन फिरवायचं काम तिचं, हे नंतर कळलं. आमच्याकडे आवतन दोन तऱ्हेचं. एक म्हणजे घरटी एका माणसाचं. दुसरं चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही, सगळ्यांनी मांडवात जेवायचं. कोणत्या सुनेनं वेगळी चूल मांडली हे मायला तिच्या सासूच्या आधी ठाऊक असे. आम्ही मात्र भाडेकरू पोरं. आम्हाला ती सुटंसुटं सांगायची, "मास्तर, तुम्ही एक. परसांत, तू एक." प्रशांतसाठी तिनं मुलीही सुचवल्या होत्या. "घोडा झाला, लगन कायले नाही करत?" तो हसून टाळायचा.

समलिंगी लग्नाचा निकाल होता त्या दिवशी आम्ही दोघांनीही सुट्टी टाकली आणि मोबाइलसमोर बसलो. पाच न्यायाधीश. मान्यता देता येणार नाही, कायदा करायचा तर संसदेनं करावा, असं ठरलं. प्रशांत म्हणाला, "मी अमरावतीला बदली मागतो. तुझी आई मुली पाहतेच आहे. रूममेट म्हणून किती वर्षं काढायची?" मला त्याचा राग आला आणि रडूही आलं.

संध्याकाळी माय डोकावली. "आज कुकरची शिट्टी काऊन नाही झाली? भांडले का?"

मी काही बोलायच्या आत प्रशांतनं सगळं सांगून टाकलं. आम्ही नुसते मित्र नाही, संसार करून राहिलो, आणि आज कोर्टानं नाही म्हटलं. हातातला तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात न टाकताच माय निघून गेली. पुढे कितीतरी दिवस ती आमच्या दारी फिरकली नाही. आता खोली सोडावी लागणार, हे मी धरूनच चाललो होतो.

मग तिच्या नातीचं, प्रज्ञाचं लग्न निघालं. रविवार होता, सगळी गल्ली दारात. माय आमच्या उंबऱ्याशी आली आणि गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "मास्तर, परसांत! उद्या विहारात प्रज्ञाचं लगन हाये. तुमच्या घराले चूलबंद!"

समोरच्या वहिनी म्हणाल्या, "माय, हे तं भाड्यानं राहतेत. यायले चूलबंद कायले?"

"चूल एक, तं घर एक. तू या गल्लीत सून होऊन आली, त्याच्या आधीपासून आवतन देऊन राहिली मी."

मग आत येऊन ती हळू आवाजात म्हणाली, "मले तुमचं सारं समजलं नाही. कोर्टाचं तं बिलकुलच नाही. ते पाच जण आपल्या गल्लीत कधी आले होते का?"

"नाही, माय."

"मंग त्यांले काय मालूम, इथं घरं किती!"

प्रशांत पाया पडायला वाकला, तर तिनं त्याचा हात झटकला. "पाया नको पडू. उद्या बुंदी वाढाले ये. चूलबंदवाल्यांले काम राहते."

आवतन म्हणजे काही लग्नाचा दाखला नव्हे. दवाखान्यात मी प्रशांतचा कोण, हे आजही मला सांगता येत नाही, आणि त्या निकालाचं दुःख काही कमी झालेलं नाही. पण त्यानंतर गल्लीत कोणी आम्हाला सुटं बोलावलं नाही आणि प्रशांतनं बदली मागितली नाही. माझा संसार टिकला तो मायमुळे, हे मी कोणालाही सांगेन.

गेल्या उन्हाळ्यात माय गेली. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारची घरं अन्न पोचवतात. काय करू म्हणून विचारायला गेलो, तर तिच्या सुनेनं डोळे पुसत, वर न पाहता सांगितलं, "तुमच्या घरून वरण येऊ द्या."

प्रशांत वरण ढवळता ढवळता खूप रडला. मग वरणाचा गंज, म्हणजे ते मोठं पातेलं, दोघांनी दोन बाजूंनी धरला आणि भर दुपारी आम्ही गल्लीतून निघालो. दारादारातून बायका सांगत होत्या, "हळू जा, सांडून राहिलं."