माझा आज उपास आहे गं

परवा रविवारी आमच्या मुलुंडच्या घरात, हॉलमध्ये मी शर्यत जिंकत होते... या वयात, गुडघ्याला पट्टा बांधून!

झालं असं, माझी नात मुग्धा पवईच्या एका ऑफिसात लागलीय. तिथे ती आता सगळ्यांना ट्रेनिंग देणार. कोणाला कमी लेखायचं नाही, आपल्याला आयतं काय मिळालं ते ओळखायचं, दुसऱ्याच्या बाजूने उभं राहायचं... असलं काहीतरी. मी चौथी शिकलेली, तिचे इंग्रजी शब्द माझ्या तोंडात बसत नाहीत. पण माझी नात साहेबलोकांना शिकवणार म्हणून मी सकाळीच तीन ठिकाणी फोन करून सांगून टाकलं.

तर प्रॅक्टिस म्हणून तिने आम्हाला भिंतीशी ओळीत उभं केलं. ती एकेक वाक्य वाचणार, ज्याला लागू पडेल त्याने एक पाऊल पुढे यायचं. मला वाटलं, पुढे जाईल तो जिंकला! "आडनाव ऐकून कोणी घर नाकारलं नाही." मी पुढे. "देवळाच्या दारात कोणी अडवलं नाही." मी पुढे. सून मागून म्हणते, "आई, सावकाश, टीव्हीवर आपटाल."

मग मुग्धाने वाचलं, "तुमच्या हातचं खायला कोणी कधी नकार दिला नाही."

माझं पाऊल उचललं नाही. मी तशीच सोफ्यावर बसले. सगळ्यांना वाटलं गुडघा धरला... मला कौसल्या आठवली होती.

गिरण्यांचा संप झाला आणि आमच्या ह्यांची मिल बंद पडली, तेव्हाची गोष्ट. घरात दोन मुलं, सासूबाई. मी भांडुपला गोळ्याऔषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागले. गोळ्यांची पट्टी, वर घडी घातलेला कागद, दोन्ही खोक्यात, की पुढचं खोकं. ऐकायला सोपं वाटतं ना? कागदाची ती घडी मला आठवडाभर जमेना. सुपरवायझर बाई म्हणाली, उद्यापर्यंत हात चालला नाही तर येऊ नकोस.

शेजारी कौसल्या बसायची. बुलढाण्याकडची, घाटकोपरला राहायची. तिने स्वतःची भरलेली खोकी माझ्या ट्रेमध्ये सरकवली. तीन दिवस सरकवत होती. वर मलाच म्हणायची, "रडू नको गं, कागद भिजतो." चौथ्या दिवशी माझा हात बसला.

कौसल्या बौद्ध होती. हजेरीत आडनाव पुकारलं तेव्हाच सगळ्या बायकांना कळलं होतं. जेवायच्या सुट्टीत आम्ही सगळ्या एकाच टेबलाला, एकमेकींच्या डब्यात हात घालायचो. तिच्या डब्यात मात्र कोणी नाही. कोणी वाईट बोलायचं नाही हो... तिने डबा पुढे केला की, "माझा आज उपास आहे गं," एवढंच.

मीही तेच म्हणायचे. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. सासूबाई निघतानाच बजावायच्या, "भायरचा काय खाव नको, कोणाच्या हातचा आसात सांगूक येवचा नाय." पण त्यांच्यावर कशाला ढकलू? त्या काही भांडुपला येऊन बघत नव्हत्या.

एका गुरुवारी कौसल्याने वेगळा डबा काढला. "सुमन, तुझा दत्ताचा असतो ना? ही घे, साबुदाण्याची खिचडी. दाण्याचं कूट जास्त घातलंय, तुला आवडतं म्हणून." पहाटे उठून केली होती. टेबलावरच्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या... आणि माझ्या तोंडातून निघालं, "अगं, आज माझा निरंकार आहे. पाणीसुद्धा नाही."

तिने डबा परत आपल्याकडे ओढून घेतला.

तेवढ्यात कॅन्टीनचा चहा आला. रोजची सवय... मी कप उचलला आणि दोन घोट प्यायले. मग लक्षात आलं. कौसल्या माझ्याकडेच बघत होती. चिडली असती तर बरं झालं असतं.

हळूच म्हणाली, "असं होय... म्हणजे हा उपास माझ्या नावाचा आहे."

त्यानंतर ती जेवायला आमच्या टेबलाला कधी बसली नाही. कामात मात्र फरक नाही. मला ताप होता तेव्हा पुन्हा तिने खोकी सरकवली... मी घेतली. तिच्या हातचं काम मला चालत होतं.

वर्षभराने त्यांनी ट्रॉम्बेकडे घर बदललं आणि तिने नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी गेटपर्यंत तिच्याबरोबर चालत गेले. तोंडाशी आलं होतं... पण "बरं, येते हां" म्हणाली तेव्हा मी नुसती मान हलवली. पत्तासुद्धा विचारला नाही.

हे सगळं परवा पहिल्यांदा घरात सांगितलं. मला वाटलं, मुग्धा आता मला ट्रेनिंग देणार. पण ती माझ्यापाशी खाली बसली आणि एवढंच विचारलं, "आजी, मग त्या खिचडीचं काय झालं?"

खाल्ली तिने. माझ्यासमोर बसून, एकटीने, सावकाश, डबा रिकामा होईपर्यंत.

कौसल्या, तू कुठे आहेस, आहेस की नाही, ठाऊक नाही मला. मुलांची शाळा, आमची चूल, सगळं त्या नोकरीवर चाललं, आणि ती नोकरी राहिली तुझ्या हातांमुळे. ते हात मला अजून दिसतात... बोटावर चटक्याचा डाग होता, तोसुद्धा. पण तुझ्या हाताला चव कशी होती, असं कोणी विचारलं, तर मला सांगता येणार नाही गं.