तीन गाठींचा गठ्ठा

आमच्या संस्थेच्या तीन शाळा. तिन्हींचे कागद एका खोलीत आणि त्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला. मी शिपाई, चौथी पास. तेही मास्तर मला बघून कंटाळले म्हणून. पण एखादा कागद हवा असला की बी.ए., बी.एड. झालेले मुख्याध्यापक माझ्यासमोर उभे राहायचे. हे मीच लिहून ठेवतो, दुसरं कोणी लिहिणार नाही.

माझी पद्धत साधी. शेजारच्या लूमच्या कारखान्यात रंगीत चिंध्या फुकट मिळायच्या. पोरांच्या कागदांना लाल, मास्तरांच्या कागदांना निळी, इमारतीच्या कागदांना पांढरी. वर गाठी. एक गाठ म्हणजे दोन वर्षांनी रद्दीत. दोन म्हणजे साहेबांना विचारून. तीन म्हणजे मी मेलो तरी फेकायचं नाही. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मला विचारलं कोणी असतं?

मग संस्थेने ठरवलं, सगळं कॉम्प्युटरवर आणायचं. सेक्रेटरीसाहेब मीटिंगमधून बाहेर येऊन म्हणाले, "काका, आता खोली रिकामी करायची. तुम्ही वज्रेश्वरीला जा, गरम पाण्यात पाय सोडून बसा." सगळे हसले. मीही हसलो आणि किल्ली कमरेत आणखी आत खोचली.

हे काम लावून द्यायला ठाण्याहून एक मॅडम आल्या, माझ्या नातीएवढ्या. हेडक्लार्कने नव्या स्कॅनरला हार घालून ठेवला होता. मॅडमनी त्याला हातही लावला नाही. म्हणाल्या, "आधी यादी. काय काय आहे, कोण तयार करतं, किती वर्षं ठेवायचं, कोणी बघायचं, कोणी पुसायचं. स्कॅनिंग त्यानंतर." हेडक्लार्कचं तोंड पंगतीत जिलबी संपल्यासारखं झालं.

आधी ऑफिसचे कॉम्प्युटर उघडले. एकात 'नवीन फोल्डर', त्याच्या पोटात 'नवीन फोल्डर दोन', आणि तिथे एकाच पत्राच्या पाच प्रती: फायनल, नवा फायनल, खरा फायनल, असं करत पाच.

"यातलं पाठवलं कोणतं?" मॅडमनी विचारलं.

"बहुतेक खरा फायनल," हेडक्लार्क म्हणाला.

मी दारातून बोललो, "माज्या खोलीत उंदीर हाय, पण पाच फायनल न्हाय."

मॅडम वळल्या. खोलीतले गठ्ठे त्यांनी सकाळीच बघितले होते. "मग काका, तुमच्या गाठींचं सांगा ना."

"गाठ म्हंजे गाठ. गठ्ठा सुटू नये म्हणून मारतात."

तीन दिवस त्यांनी विचारलं, तीन दिवस मी हेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी चहा मागवला. तो प्यालो आणि पुन्हा तेच सांगितलं.

चौथ्या दिवशी मॅडम येणार नव्हत्या. सेक्रेटरीसाहेबांना काम दाखवायचं म्हणून हेडक्लार्कने सकाळीच साहेबांचं नाव सांगून माझ्याकडून किल्ली नेली आणि एका अख्ख्या कपाटातले गठ्ठे सोडले. कागदांचे ढीग रचले, चिंध्या फरशी पुसायला दिल्या. मी जे बोललो ते छापता येणार नाही.

"काका, चिंध्यांसाठी कशाला ओरडता? कागद आहेत की सगळे," हेडक्लार्क म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ढिगांकडे बघून विचारलं, "यातलं ठेवायचं कोणतं?"

"मला चिंधी लागत न्हाय," मी छाती पुढे काढून म्हणालो. "वासावरून सांगतो." आणि बोट दाखवत निघालो. हे ठेवा. हे फेका. चौथ्या ढिगापाशी म्हणालो, "फेका. रजेचे अर्ज."

मॅडमनी वरचे दोन अर्ज उचलले. खाली जनरल रजिस्टरची सुटलेली पानं. पोरांची नावं, जन्मतारखा. मानकोलीच्या गोदामात नोकरी लागली की जुनी पोरं जन्मतारखेच्या दाखल्यासाठी धावत येतात, ते याच पानांसाठी. लाल चिंधी, तीन गाठी. आणि मी फेका म्हणालो होतो.

मॅडमनी तो ढीग गुपचूप 'ठेवा'च्या बाजूला सरकवला. हेडक्लार्कला कळलंही नाही. ती हसली असती तर मी मरेपर्यंत तोंड उघडलं नसतं.

"पोरी," मी म्हणालो, "वही काढ."

दुपारपर्यंत ती लिहीत होती. मध्येच विचारायची, दोनच वर्षं का? मी म्हणालो, माझ्या आधीच्या शिपायाने सांगितलं होतं. त्याला कोणी, ते त्यालाच ठाऊक. मग तिने नियम तपासले आणि दोन ठिकाणी मला चुकीचं ठरवलं. त्यातलं एक मी मानलं.

आता कॉम्प्युटरमध्ये तीन गाठींचं तेवढं सगळं कायम राहतं, आणि त्याचे कागदही खोलीतच आहेत. किल्लीही आहे. कुठे आहे ते सांगायला नको. एकट्याने काही पुसायचं नाही, असा नियम मॅडम करून गेल्या. हेडक्लार्कने मला विचारायचं, मग साहेबांची सही.

"काका, एक गाठवाले, दोन वर्षं झाली. पुसू का?"

मी लगेच हो म्हणत नाही. आधी त्याला खुर्चीतून उठवतो, स्वतः बसतो, चष्मा पुसतो. तो उभाच असतो.