अकरा बॉक्स आणि एक पंचिंग मशीन

ऑफिसातले किस्से कुणी ठरवून साठवत नाही. चहाला बसलं की एकाला एक आठवतं, त्यावरून दुसऱ्याला दुसरं, आणि बघता बघता ढीग होतो. माझा ढीग सगळा कॉम्प्युटरवर येणाऱ्या छोट्या चौकोनी बॉक्सांचा आहे. तुम्ही खुशाल हसा. मला मात्र त्यातले काही सांगताना अजून धडधडतं.

उरणजवळ आमचं कंटेनरचं गोदाम. मी तिथली एकुलती एक कॉम्प्युटरवाली, खारघरहून रोज जाते. पायथन नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेतली एक तयार लायब्ररी माझ्या हाती लागली होती. एक ओळ लिहायची, की पडद्यावर बॉक्स हजर! वर आपला प्रश्न, खाली 'हो' आणि 'नाही'ची बटणं. उत्तर मिळेपर्यंत प्रोग्राम जागचा हलत नाही. मला वाटलं, जिंकलं!

*

पहिला बॉक्स टाकला गेटवर, शिंदे काकांच्या मशीनवर. काका मूळचे साताऱ्याचे, सगळी नोकरी रजिस्टर लिहिण्यात गेलेली. ट्रक सोडण्याआधी बॉक्स विचारायचा, "खात्री आहे का?"

अकरा वाजता मॅनेजर साहेबांचा फोन. "गेटवर काय चाललंय? ट्रकची रांग मेन रोडला लागलीये!"

मी धावत गेले. काका घामाघूम, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेले.

"काका, काय दाबलंत?"

"'न्हाई' दाबलं."

"प्रत्येक ट्रकला?"

"आवं मॅडम, खात्री कुनाला असती!"

*

दुसरा किस्सा साहेबांचा. त्यांच्या मशीनवर मी एक बॉक्स करून बघत होते, "घाबरू नका, ही टेस्ट आहे." तो चुकून लूपमध्ये गेला. म्हणजे एक बंद केला की दुसरा तयार! आणि मी तो तसाच विसरले.

दुपारी साहेबांची हेड ऑफिसबरोबर व्हिडिओ मीटिंग, स्क्रीन सगळ्यांना दिसतेय. घाबरू नका. ओके. घाबरू नका. ओके. शेवटी पलीकडून मोठे साहेब हळूच म्हणाले, "नक्की कशाला घाबरायचं नाही?"

मीटिंगनंतर मला केबिनमध्ये बोलावणं आलं. नोकरी गेली असं धरूनच मी आत गेले.

"भारी आहे हे!" साहेब म्हणाले. "सगळे चिडीचूप झाले होते. आता असं कर, कुणाचीही चूक झाली, की एक बॉक्स टाक."

*

मग काय! सीलचा नंबर चुकला, टाक बॉक्स. लायसन्स बघायचं राहिलं, टाक बॉक्स. एक ड्रायव्हर छत्री विसरून गेला, तर त्याचाही बॉक्स! एका कंटेनरमागे अकरा बॉक्स झाले. साहेब खूश, मीही खूश.

त्यातला नववा तेवढा मी स्वतःहून टाकला होता. परदेशातून येणाऱ्या काही कंटेनरमध्ये कीड मरावी म्हणून विषारी गॅस सोडलेला असतो. तो पूर्ण गेल्याशिवाय दार उघडलं, तर उघडणारा माणूस तिथेच कोसळू शकतो. नववा बॉक्स विचारायचा, "आतली हवा तपासली का?" अकराही बॉक्सांना 'हो' म्हटलं की स्लिप छापून यायची. ती यार्डात म्हात्रे दादांकडे जायची, आणि दादा दार उघडायचे. दादा इथल्याच गावचे. त्यांच्या दोन्ही मुली कॉलेजात, आणि घर सगळं त्यांच्या दोन हातांवर.

एक दिवस गेटवर गेले तर खुर्ची रिकामी. काका चहाला गेलेले. की-बोर्डवर एंटरच्या बटणावर कागदाला भोकं पाडायचं लोखंडी पंचिंग मशीन ठेवलेलं, आणि पडद्यावर बॉक्स येतायत, जातायत, येतायत, जातायत. बाजूला प्रिंटरने स्लिप बाहेर टाकली.

एंटर दाबला की पहिलं बटण लागतं, आणि पहिलं बटण 'हो'चं मीच ठेवलं होतं. तेवढ्यात स्लिपवरचा नंबर दिसला, ही आजची दुसरी स्लिप. पहिली कुणीतरी घेऊन गेलं होतं.

चप्पल हातात घेऊन मी यार्डात पळाले. दादा कंटेनरसमोर स्टुलावर बसून शांतपणे तंबाखू मळत होते. दार बंद! मला तिथेच रडू फुटलं.

"दादा, उघडलं नाहीत?"

"कागद आलाय," दादा म्हणाले. "पन बटन दाबनारा कुठं हाय? तो बाजूला येऊन उभा र्‍हाला, का मग मी उघडतो. माजी पद्धतच हाय तशी."

काका त्यानंतर दोन दिवस जेवले नाहीत. पंचिंग मशीन त्यांनी स्वतः साहेबांच्या कपाटात नेऊन ठेवलं.

*

मी दहा बॉक्स उडवले. एकच ठेवला, आणि तो लिहून उत्तर द्यायचा: "दार उघडताना बाजूला कोण उभं राहणार? नाव लिहा." खाली ओके आणि कॅन्सल, ओके दार उघडल्यावरच दाबायचं. रिकामा ठेवला तर पुन्हा येणार.

पहिल्या दिवशी कंटेनर आला. गॅस मोजणाऱ्या मीटरवाल्याने सकाळीच हवा तपासल्याची कागदावर सही केली होती. काकांनी चष्मा पुसला, बॉक्स दोनदा वाचला, आणि एकेक अक्षर शोधत नाव लिहिलं.

माझं!

"काका, हे काय?"

"प्रोग्राम तुमचाच हाय न्हवं?"

गेले मी. दुसरं काय करणार! दादांनी दाराच्या दांड्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, उघडू? हो का नाय?"

इतके दिवस सगळ्यांना हेच विचारत आले होते, मला कुणी विचारलं नव्हतं.

"थांबा," मी म्हटलं. "मीटर परत लावा."

मीटरवाला वैतागला. सकाळचा सहीचा कागद त्याने माझ्या नाकासमोर धरला. तरी दाराच्या रबरातून नळी आत घातलीच.

मीटर टीं टीं करायला लागलं. थांबेचना.

दादांनी दांड्यावरचा हात सावकाश काढून घेतला, आणि गेटकडे तोंड करून ओरडले,

"काका, कॅन्सल मारा!"