भाकरीची अट

नामदेव गेला हे मला आटपाडीच्या बाजारात कळलं. शेळीचा सौदा जमत नव्हता, तेवढ्यात गावी आलेला त्याचा पुतण्या येऊन म्हणाला, "आबा, तात्या गेलं." शेळी न घेताच एसटीनं गावाला आलो. त्याला आता दीड महिना झाला. रडू आलं नाही, अजूनही नाही. मला ते जमत नाही.

आम्ही चौथीपर्यंत एका तरटावर बसलो. पुढं मी शेळ्यांमागं गेलो आणि तो गलाईच्या धंद्याला मदुराईला. आमच्या भागातली कितीतरी माणसं याच धंद्यात. सोनाराच्या दुकानातली झाडलोटीची धूळ विकत घ्यायची, भट्टीत जाळायची आणि त्या धुळीतनं सोनं काढायचं. तिकडं त्याला कुणी मारवाडी समजायचं, गावात आला की पोरं मद्रासी म्हणून ओरडायची. दोन्हीचं त्याला काही वाटत नसे. परमुलखात राहून यानं भाकरी सोडली नाही, एवढं मात्र गावानं म्हणावं हा त्याचा हट्ट. बायकोपोरं गावातच असायची. दर खेपेला ज्वारीच्या पिठाचा डबा घेऊन सगळ्यांच्या देखत एसटीत चढायचा. आमच्याकडं रोज भात खाणारा माणूस म्हणजे आजारी, नाहीतर बिघडलेला... असं म्हणणाऱ्यात मीच पुढं.

एकदा न कळवता मदुराईला गेलो. भर दुपारी नामदेव जमिनीवर बसून केळीच्या पानावर दहीभात कालवत होता. पिठाचा डबा कोपऱ्यात. उघडला तर आत किडे.

"कवापास्नं चाललंय हे?"

"पयल्या सालापास्नं. भाकऱ्या बडवाय येळ कुठं असतो गड्या? आन... आवडतो रं. गावात बोलू नगंस."

"न्हाई बोलणार. पन गावात आलास की माझ्या शेजारी बसून भाकरीच खायाची. मरस्तवर."

"बरं बाबा, मरस्तवर," म्हणून हसला.

मी शब्दाचा पक्का. कुणाजवळ बोललो नाही. धंदा पुतण्याकडं देऊन तो कायमचा गावी आला, तेव्हा त्याचे दात गेले होते. लग्नात, जत्रेत माझ्या शेजारी बसून भाकरी आमटीत बुडवून बुडवून गिळायचा. भात वाढणाऱ्याला हातानंच पुढं जा म्हणायचा. मला वाटलं, माणूस ताळ्यावर आला.

रक्षाविसर्जनाला निवेद ठेवला, भाकरी, ठेचा, वांग्याचं कालवण. कावळे झाडावर, खाली एक उतरेना. नामदेवच्या पोरानं आईला सांभाळीन म्हणून सांगितलं, शेत राखीन म्हणून सांगितलं. तास गेला. मी उठून घरी गेलो, सुनेनं नातवंडांसाठी लावलेल्या भातात दही कालवलं आणि आणून ठेवलं.

"आवं आबा, भात? तात्यांनी जल्मात शिवला न्हाई!" पुतण्या म्हणाला. तोही मदुराईचाच, त्याला ठाऊक नसेल असं नाही. पण तोही गावापुढं तेच म्हणायचा.

"माझ्या आवडीचा हाय. तुला काय करायचंय?"

लोक हसले. भात खाणाऱ्यांची जन्मभर टिंगल केलेल्या माणसाला हसायची त्यांना संधीच मिळाली. कावळा शिवला. मऊ घास कावळ्यालाही बरा वाटत असेल, मी त्यात जास्त काही धरत नाही.

दिवसकार्य उरकल्यावर नामदेवच्या बायकोनं मला बाजूला घेतलं.

"भावजी, त्यो भात त्येंच्यासाठीच आणला हुता न्हवं?"

"तुमाला कवा कळलं?"

"धा वरसं दार लावून मीच वाढला की. दात न्हाईत, भाकरीनं पोट दुखायचं. मी म्हणायची, सांगा भावजींना, सोडत्याल. तर म्हणायचे, त्येनं गावात तोंड उघडलं न्हाई, मग मी त्येच्यापुढं भात कसा खाऊ?"

गप्प राहायला मला इतकी वर्षं काहीच कष्ट पडले नव्हते. पंगतीत एकदा नुसतं 'खा की' म्हणालो असतो तर भागलं असतं. ते सुचलं नाही. सुचलं असतं तरी म्हणालो असतो का, सांगता येत नाही.

हे पेपरात लिहू का, असं वहिनीला विचारलं. म्हणाली, "लिवा. आता तरी सोडा त्येंना."

नामदेवला दहीभात आवडायचा.