लाइट परत येते तेव्हा

कॉम्प्युटरच्या प्लगजवळ भिंतीवर काळा डाग पडलाय. कितीही पुसला तरी जात नाही. तो दिसला की माझं डोकं तापतं.

लाइट गेली की मी उठून टीव्हीची आणि कॉम्प्युटरची पिन काढते. आमच्याकडे लाइट परत येते ती एकदम जोरात, बल्ब पांढराफटक होतो. आमचे हे हसायचे. "लाइटच नाही तर जळणार काय?" मुलगा म्हणायचा, "आई म्हणजे घाबरट नंबर एक."

परवा मी शेजारी हळदीकुंकवाला गेले होते. लाइट गेली आणि आली. दोघंही घरातच लोळत होते, कुणी उठलं नाही. कॉम्प्युटर जळला. मी दारात पाऊल टाकते तोच हे म्हणाले, "पिन काढून जायला काय झालं होतं?"

इतकी वर्षं काही जळलं नाही, ते कुणाला दिसलंच नाही. जळलं, तेव्हा ते माझं काम ठरलं. उतू न गेलेल्या दुधाला तरी कोण विचारतं?

माझ्या आईचा एकुलता एक व्हिडिओ त्या कॉम्प्युटरमध्ये होता. पापड लाटता लाटता ती मला रागावते आहे. आई आता नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, आतलं काही मिळणार नाही.

काल ह्यांनी जास्तीचा करंट अडवणारी पेटी आणून बसवली. "आता तुला उठायला नको," म्हणाले. मी मान हलवली, तोंडावर बोलणं मला जमत नाही. पेटीबद्दल हे अर्धा तास बोलले. आईबद्दल एक शब्द नाही.