तांदळातलं नाव

ती बातमी मी वाचली होती, हेच मला अजून पचत नाही. सकाळचा चहा, समोर पेपर, आतल्या पानावर निधनवार्तांची बारीक अक्षरांतली पट्टी. या वयात आम्ही ती पट्टीच आधी वाचतो, कोण सुटलं ते बघायला. 'हिंगणघाट येथील सुनंदाबाई राऊत यांचे अल्प आजाराने निधन झाले. त्यांच्या मागे मुलगा, सून, नातवंडे असा परिवार आहे. अंत्ययात्रा आज दुपारी राहत्या घरून निघेल.' फोटो नव्हता. हिंगणघाटात राऊत काय कमी आहेत? गेली बिचारी कोणीतरी, असं मनात म्हटलं, पान उलटलं आणि भाजीला काय करायचं या विचाराला लागले. वर्ध्याहून हिंगणघाट तासाभराची तर बस. सहज पोचले असते मी, जेवून निघाले असते तरी पोचले असते...

त्यानंतर काही आठवडे गेले आणि वडनेरहून शोभाचा फोन आला. शोभा म्हणजे चित्रं काढणाऱ्या आमच्या बायकांच्या मंडळातली सगळ्यात खट्याळ बाई, फोनवर आधी दोन मिनिटं नुसती हसणारी. त्या दिवशी हसली नाही. "बाई, द्वारकाताई गेली म्हन्तात. तुमाले मालूम हाय का?" मी म्हटलं, काहीतरी काय बोलतेस? तर ती म्हणाली, "मी औंदाच्या प्रदर्शनाचं इचाराले तिच्या दुकानात गेलती. तिच्या पोराच्या डोक्यावर नुकते केस येऊन राह्यले. मी इचारलं, काऊन रे, कोन गेलं? तर म्हन्ते, आई." मग म्हणाली, "त्यानं पेपरात देल्लं होतं बाई. मी वाचलंबी होतं. सुनंदाबाई म्हून. मले काय मालूम!"

लक्षात कोणाच्याच आलं नव्हतं. शोभानं वाचलं होतं, सावंगीत मुलीकडे राहणाऱ्या चंपानं वाचलं होतं, मी वाचलं होतं. मंडळातल्या सगळ्या जणी त्या सकाळी आपापल्या स्वयंपाकघरात द्वारकाताईची बातमी वाचून पान उलटून बसल्या होत्या. आणि ही वेळ आमच्यावर आणली कोणी, तर द्वारकाताईनंच. आमचं मंडळ उभं होतं तेच मुळी त्या एका नावाच्या हट्टावर. म्हणून हे सगळं लिहायला बसले आहे, आणि लिहून काही होणार नाही हेही मला ठाऊक आहे.

हिंगणघाटच्या मुलींच्या शाळेत मी चित्रकला शिकवत होते तेव्हाची गोष्ट. शाळा सुटल्यावर एक बाई दाराशी उभी होती. डोक्यावर पदर, काखेत साडीच्या खोक्यांतल्या पुठ्ठ्यांची चळत. बाजारातल्या कापडाच्या दुकानाची सून होती ती, द्वारकाताई. पुठ्ठे माझ्यासमोर टेबलावर ठेवून म्हणाली, "बाई, हे पाहून द्या. चांगलं म्हनू नका, खरं सांगा." प्रत्येक पुठ्ठ्याच्या आतल्या करड्या बाजूवर चित्र होतं. कपाशी वेचणाऱ्या बायकांच्या नुसत्या पाठी, वेणा नदीच्या पात्रात वाळत घातलेली धुणी, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकाशी उभ्या बैलगाड्या. रंग शाळकरी पोरांचे, डबीतले. पण त्या वाकलेल्या पाठींत काय होतं ते मला माझ्या कलाशिक्षणात कोणी शिकवलं नव्हतं. मी खरं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं, पण पदर सारखा करून म्हणाली, "मंग माझ्यासारख्या अजून असतीन."

होत्याच. तिनं त्या शोधून काढल्या, दुकानात साडी घ्यायला येणाऱ्या बायकांतून. पदराचा रंग निवडताना कोणाची नजर कशी फिरते त्यावरून तिला कळायचं म्हणे. गिऱ्हाईक साडी घेऊन जायचं ते मंडळाचं निमंत्रणही घेऊन जायचं. 'रेघ महिला कलामंडळ' हे नाव कागदावर. बोलताना नुसतं मंडळ. पावसाळ्यात जिनिंग बंद असतं, तेव्हा एका मालकानं रिकामी शेड दिली. तिथं दोऱ्या बांधून, कपड्यांचे चिमटे लावून आम्ही पहिलं प्रदर्शन भरवलं. शेडच्या पत्र्याला जुन्या कापसाची रुई चिकटलेली असायची, वारा आला की ती ओल्या रंगावर येऊन बसायची. कोणी ती काढायला गेली की द्वारकाताई म्हणायची, "राहू दे, गावाची सही हाय ते."

आणि खरी सही, तिचा नियम... चित्रावर माहेरचं नाव लिहायचं. सासरी बदललेलं नाही. आडनाव कोणतंच नाही. मी एकदा विचारलं, हे काय खूळ? तेव्हा तिनं सांगितलं ते मी कधी विसरले नाही. वडनेरच्या शाळेत मास्तरांनी तिचं पोळ्याच्या बैलाचं चित्र भिंतीवर लावलं आणि खाली खडूनं लिहिलं, द्वारका. ती रोज शाळेत जाऊन आधी ते वाचायची. पुढं लग्न झालं. सासरी ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात 'सुनंदा' लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले. "मले कोनी इचारलं नाई बाई. वाचून दाखव म्हने. मी वाचलं. तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवून खाऊन टाकले, नाव तेवढं राह्यलं." हे ती हसत सांगायची. तिचं हसणं मला कधी कधी भ्यायला लावायचं. ते नाव मी तिच्याच तोंडून ऐकलं होतं, तरी पेपरात ती मला ओळखू आली नाही; माझ्या लेखी ती कधी सुनंदा झालीच नव्हती.

तर मंडळात आम्ही सगळ्या एकदम पोरी झालो. कोणी चंपी, कोणी शोभी. पन्नाशीतली एक जाडजूड बाई माहेरी 'बेबी' होती, तिनं जिद्दीनं सगळ्या चित्रांवर ठसठशीत 'बेबी' लिहिलं. प्रदर्शनाला तिचे यजमान आले, टोपी काढून, चपला बाहेर ठेवून, देवळात यावं तसे. "आमच्या मंडळींचं चित्र कुठी हाय?" असं विचारत सगळी शेड फिरले. बायकोच्या चित्रासमोर उभे राहिले, "वा, हे कोनाची पोरगी म्हनायची?" म्हणाले आणि पुढं गेले. बेबीबाई तोंडात पदर कोंबून हसत होती. मी सांगायला निघाले तर द्वारकाताईनं माझा हात धरला. "शोधू द्या त्याले. येवढी वर्सं तिनंच शोधलं." केवढ्या हसलो आम्ही त्या दिवशी. आज वाटतं, तेव्हाच कळायला हवं होतं. नाव ओळखीचं नसलं की माणूस आपल्या माणसासमोरून असाच पुढं जातो.

नंतरचं सगळं उताराचं आहे, ते लांबवत नाही. जिनिंगची शेड पाडून तिथं लग्नांचं लॉन झालं. शाळेच्या हॉलला परवानगी मिळेना, समाजमंदिरात चित्रांपुढं खुर्च्यांचे ढीग. काही जणी गेल्या, काहींचे हात थरथरायला लागले. नव्या मुली यायच्या, छान काढायच्या, आणि पुण्याला निघून जायच्या. त्यांना माहेरचं नाव सोडावंच लागत नव्हतं, त्यामुळं आमच्या नियमाची त्यांना गंमत वाटायची. निवृत्तीनंतर मीही गुडघे घेऊन वर्ध्याला मुलाकडे आले. गेल्या प्रदर्शनात चित्रांपेक्षा चिमटे जास्त होते. तरी द्वारकाताई सकाळपासून खुर्ची टाकून दाराशी बसली होती, कोणी आलं तर उठून उभी राहायला.

आमची शेवटची भेट दुकानाच्या वरच्या तिच्या खोलीत झाली. ती बरीच वाळली होती. खोलीभर पुठ्ठे, खिडकीत बरण्यांत ब्रश. यंदा प्रदर्शन घ्यायचंच, यावर आमचं थोडं भांडणही झालं. मी म्हटलं, कोण येणार आहे? ती म्हणाली, "कोनी नाई आलं तरी भित्ती तं पाहतीन." मग मी निघताना, पायरीशी, तिनं एक गोष्ट मागितली. एवढ्या वर्षांत तिनं माझ्याकडे स्वतःसाठी मागितलेली तीच एक. "बाई, मी गेली तं घरचे आई म्हून रडतीन, आजी म्हून रडतीन. ते बराबरच हाय. पन मले नेतानी तुमच्यातल्या एखादीनं 'द्वारका' म्हून आवाज देजा. नाईतर सुनंदाच जाईन, मी इथंच राहीन." मी तिला रागावले, असलं अभद्र बोलू नको म्हटलं. पण हो म्हटलं. हातावर हात ठेवून हो म्हटलं.

त्या दिवशी तिला नेताना कोणीच तो आवाज दिला नाही. शोभाच्या फोननंतर मी पहिल्या बसनं गेले, म्हणजे काहीच उपयोग नसताना गेले. मुलगा, दिलीप, गल्ल्यावरून उठून पाया पडला. चांगला मुलगा आहे तो. आईवर जीव होता त्याचा. पण डोळ्यांत राग होता, आणि तो त्यानं लपवला नाही. "काकू, तुमच्या मंडळातल्या एकीलेबी येनं नाई झालं. आईनं जिंदगी देल्ली तुमाले. मी येकयेकीची वाट पाह्यली, लोकं घाई करत होते तरी थांबलो." मी म्हटलं, अरे, फोन तरी करायचास. तर त्यानं आईचा फोनच काढून माझ्या हातात दिला. "कोनाले करू? पहा ना तुमीच." त्यात आम्ही सगळ्या होतो. बेबी. चंपी. शोभी. ना आडनाव, ना गाव. त्याला वाटलं, लहानपणच्या कोणी मैत्रिणी असतील, कुठं आता त्यांना त्रास द्यायचा. आणि मी? माझा नंबर 'बाई' या नावानं होता. तो त्यानं कामवाल्या बाईचा समजून सोडून दिला.

मी त्याला समजावलं. आम्ही पेपर वाचला होता रे, सगळ्यांनी वाचला होता, पण आमच्यासाठी ती द्वारका होती. दिलीपनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग खरोखरच न कळून म्हणाला, "पन द्वारका तं आईचं टोपननाव होतं ना, चित्रापुरतं? आधार कार्डावर सुनंदाच हाय." काय सांगणार होते मी त्याला? की तुझ्या आईचं टोपणनाव कोणतं, ते तू उलटं धरलं आहेस? त्याच्या जन्माआधीच या घरात द्वारका हे नाव मिटून गेलं होतं. त्याचा काही दोष नाही. मला राग येतो, फार येतो, आणि तो कोणावर काढावा हे कळत नाही, म्हणून तो माझ्यातच बसून राहतो.

दिलीप म्हणाला, वर चला, आईचा फोटो पाहा, चहा घ्या. सुनेनं खोली आवरली होती. बरण्या गेल्या होत्या, पुठ्ठे बांधून माळ्यावर ठेवले होते, पलंगावर नातवाचं दप्तर होतं. समोरच्या भिंतीवर द्वारकाताई होती. तिचा एकटीचा धड फोटो घरात सापडेना, म्हणून त्यांनी तिनं स्वतःचं काढलेलं चित्र फ्रेम करून घेतलं होतं. मला माहीत होतं ते चित्र. आरशात बघून काढलेलं, डोक्यावर पदर नसलेलं, किंचित चिडलेलं तोंड. त्याला आता चंदनाचा हार होता, खाली पट्टी होती: कै. सुनंदाबाई राऊत. मी उजव्या कोपऱ्यात सही शोधली. तिथं फ्रेमवाल्यानं चारी बाजूंनी लावलेला पांढरा पुठ्ठा होता.

"खाली काईतरी लिवलेलं होतं," दिलीप म्हणाला, "फ्रेमवाला म्हने, थे झाकलं की साफ दिसते. मस्त झाली ना काकू?" मी मस्त झाली म्हटलं. उघडता येईल का रे, असंही विचारलं. तो म्हणाला, मागून पक्की बंद केली आहे, आता उघडायला गेलं तर चित्र फाटायचं. खालून गिऱ्हाईकानं हाक दिली म्हणून तो गेला.

मी एकटी उभी होते. बोट काचेवर, उजव्या कोपऱ्यात ठेवलं. तिथंच आहे ते, अर्ध्या बोटाच्या अंतरावर, मास्तरांनी खडूनं लिहिलं होतं तसंच गोल अक्षरांत. तिनं मागितलेली ती एक गोष्ट होती, आणि ती देऊन काही उपयोग होण्याची वेळ निघून गेली होती. तरीही मी हाक मारली. मोठ्यानं मारायची होती, निघाली हळूच. "द्वारका..."

आत कप-बश्यांचा आवाज थांबला. सुनेनं स्वयंपाकघरातून विचारलं, "कोनाले आवाज देऊन राह्यल्या, काकू?"

मी बोट काचेवरून काढलं. "कोनालेच नाई," मी म्हटलं.