कल्लाप्पांचा लाल टाका

कल्लाप्पा मूळचे निपाणीचे. बंगळुरूतल्या यशवंतपूरच्या बाजारामागे एक शिलाई मशीन, एक बाकडं आणि बायको भागुबाई, एवढ्या बळावर त्यांनी चाळीस वर्षं हॉटेलांना नि परिषदांना देशोदेशींचे झेंडे शिवून दिले. जपानचा सोपा. ब्रिटनचा मात्र फसवा. त्याच्या तिरप्या पांढऱ्या पट्ट्या एकीकडे रुंद, एकीकडे अरुंद. काठीजवळ रुंद पट्टी वरच हवी. शिकल्यासवरल्यांनाही हे दिसत नाही, म्हणून कल्लाप्पा वरच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा टाका घालत आणि देताना बजावत, "लाल टाका वर."

२०२३च्या जूनमध्ये कोरमंगलातल्या एका हॉटेलात समारंभ होता. इंग्लंड आणि पोर्तुगालच्या मैत्रीच्या तहाला साडेसहाशे वर्षं झाली. १३७३चा तह, अजून चालू आहे म्हणे! त्याचं बंगळुरूला कसलं कौतुक, ते आयोजकांनाच ठाऊक. आयोजक गिरीराज, पुण्याहून आलेला. त्यानं दोन्ही देशांचे झेंडे कल्लाप्पांकडून शिवून घेतले, पुढे वर्षभराचं काम देतो म्हणाला आणि टांगायला लावले आपल्या माणसांना. त्यांनी ब्रिटनचा उलटा टांगला.

एका इंग्रज पाहुणीनं ते बरोबर हेरलं. झालं! बहात्तर वर्षांच्या माणसाला तातडीनं रिक्षातून बोलावून घेतलं.

"काका, मॅडमना सॉरी म्हणा. शिवताना मिस्टेक झाली म्हणा. वर्षाचं काम तुमचंच, डोन्ट वरी."

टांगणारे याचे, आणि माफी मागायची शिंप्यानं! कल्लाप्पांचे कान तापले.

"शिवण बरोबर आहे. लाल टाका खाली लोंबतोय, बघा की."

"अहो, सिक्स फिफ्टी इयर्सची दोस्ती आहे! तुमच्या एका झेंड्यामुळे..."

"दोस्तीचं मला नका सांगू, साहेब."

कल्लाप्पांचे वडील पंचावन्न साली गोव्याच्या सत्याग्रहात गेले आणि पोर्तुगीज पोलिसांनी मोडलेला गुडघा घेऊन परतले. एकसष्टला आपलं सैन्य गोव्यात शिरलं, तेव्हा पोर्तुगालनं याच जुन्या दोस्ताला हाक मारली. इंग्लंडनं कानांवर हात ठेवले. दुखरा पाय बाकड्यावर ठेवून वडिलांनी ती बातमी दहा वर्षांच्या कल्लाप्पाला मोठ्यानं वाचून दाखवली होती, दोनदा.

"तेव्हा मोडली नाही ती दोस्ती," कल्लाप्पा म्हणाले, "आणि आता माझ्या टाक्यानं मोडणार होय?"

कुणी हसलं. गिरीराज हसला नाही. कल्लाप्पांनी खुर्ची ओढली, गुडघे धरत वर चढले, झेंडा सोडवून लाल टाका वर करून बांधला आणि कुणाची वाट न बघता निघाले.

भागुबाईनं चहा पुढे केला. "काम गेलं?"

"गेलं."

"स्वल्प नमतं घेतलं असतं तर?"

"मग उद्यापासून टाका कुठल्या तोंडानं घालू?"

लाल दोऱ्याचं रीळ संपत आलं होतं. भागुबाईनं नवं काढून मशीनवर ठेवलं.